सरकारने खासगी कंपन्यांना सबसिडी द्यावी का? (नवीन एनर्जी टेक्नॉलॉजीच्या संदर्भात)

प्रश्नचिन्ह:

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय म्हणून शेवटी धागा काढला. ग्रीन हायड्रोजन, बॅटरी, छोट्या अणुभट्ट्या, समुद्रातल्या पवनचक्क्या, जे काही नवीन म्हणून येतं त्याच्या मागोमाग 'सरकारने हातभार लावला पाहिजे' हे आलंच म्हणून समजा. कंपनी खासगी, मालक खासगी, नफा झाला तर शेअरहोल्डरचा आणि सुरुवातीचा खड्डा मात्र टॅक्स भरणाऱ्यांनी बुजवायचा, हे काही मला पटत नाही. ऑफिसातला एक मित्र म्हणतो की सरकारने पैसे घातले नसते तर सोलर एवढं स्वस्त झालंच नसतं, आणि तू ज्या इंटरनेटवर बसून सबसिडीला शिव्या घालतोस त्याची सुरुवातपण सरकारी पैशातूनच झालीय. तेव्हा मी गप्प बसलो, पण समाधान काही झालं नाही.

तर प्रश्न असे. टेक्नॉलॉजी खरंच चांगली असेल तर गुंतवणूकदार आपणहून पैसे का घालत नाहीत? आणि द्यायचीच असेल तर नक्की कशाला द्यायची, किती वर्षं, आणि पैसे बुडाले तर कोणाला धरायचं?

'पर्यावरणासाठी सगळं माफ' किंवा 'सरकार म्हणजे चोर' टाइप प्रतिसाद नकोत प्लीज, ते बाकी ठिकाणी भरपूर मिळतात.

आळशी_अजगर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्यावर इथे मारामाऱ्या होणारच आहेत.

गुंतवणूकदार काही मूर्ख नसतो, तो आपल्या खिशात किती परत येणार तेवढंच बघतो आणि त्यात गैर काही नाही. समजा मी एखाद्या नव्या प्रकारच्या बॅटरीची पहिली फॅक्टरी टाकली. पहिल्या सगळ्या चुका मी करणार, कामगारांना मी शिकवणार, सुटे भाग बनवणारे मी उभे करणार, आणि माझे दोन इंजिनिअर नोकरी सोडून गेले की हे सगळं शिक्षण फुकटात दुसऱ्याकडे. मग पहिला कशाला होऊ, दुसरा होतो की. सगळ्यांनी असाच हिशेब केला की कोणीच पहिला होत नाही.

एनर्जीत अजून एक गोची आहे जी मोबाइलला वगैरे नाही. नवा फोन महाग विकता येतो, हौशी लोक रांगा लावून घेतात, त्या पैशातून पुढचं मॉडेल स्वस्त होतं. वीज तशी विकता येत नाही. प्लगमधून येणारी वीज कोळशाची असो नाहीतर सोलरची, पंखा तेवढाच फिरतो, मग पहिल्या दिवसापासून तुम्हाला पन्नास वर्षं जुन्या, पैसे वसूल झालेल्या कोळसा प्लँटच्या भावाशी टक्कर द्यायची असते, आणि त्या प्लँटच्या धुराचा खर्च त्याच्या बिलात कुठेच लागत नाही, तो हॉस्पिटलच्या बिलात लागतो.

आता सोलरचंच बघा. १९५४ मध्ये बेल लॅब्सने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला, एफिशियन्सी ६ टक्क्यांच्या आसपास. एवढा महाग की जमिनीवर कोणी विचारेना. गिऱ्हाईक कोण मिळालं? उपग्रह. १९५८ चा व्हॅनगार्ड १ सोलरवर चालणारा पहिला उपग्रह, आणि अंतराळात किमतीचं कोणाला पडलेलं नसतं. मग १९७३ चा तेलाचा दणका बसला, जपानने १९७४ ला सनशाइन प्रोजेक्ट काढला, जर्मनीने १९९१ ला आणि मग मोठ्या प्रमाणावर २००० च्या कायद्याने ठरलेल्या भावात वीस वर्षं वीज घ्यायची हमी दिली, त्यानंतर चीनने कारखाने उभे केले. एकेका टप्प्यावर कोणीतरी तोट्यात खरेदी करत होतं. १९३६ मध्ये राइट नावाच्या इंजिनिअरने विमानांच्या कारखान्यात बघून लिहून ठेवलं होतं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर विमानाचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो. सोलर पॅनेलमध्ये तो आकडा साधारण २० टक्के निघाला. पण हे दुप्पट आपोआप होत नाही ना, महाग असताना कोणीतरी घ्यायला पाहिजे. २०१० ते २०२० मध्ये पॅनेलचे भाव ९० टक्क्यांच्या आसपास पडले ते त्या आधीच्या सगळ्या महागड्या खरेदीच्या जिवावर.

मुक्तछंद:

अजगरराव, जिंकलेल्यांची गोष्ट छान रंगवलीत. हरलेल्यांची मी सांगतो, कारण ती सांगायला कोणी बोलावत नाही.

अमेरिकेने १९८० मध्ये सिंथेटिक फ्युएल्स कॉर्पोरेशन काढलं. कोळशापासून, खडकापासून तेल काढायचं, का तर तेल आता कायम महागच राहणार असं सगळ्या तज्ज्ञांचं एकमत. तेल पडलं आणि १९८६ मध्ये दुकान बंद. काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने उडणारं प्रवासी विमान घ्या, ब्रिटन आणि फ्रान्स दोन-दोन सरकारांचा पैसा, एकूण विमानं बनली २०, प्रवासी सेवेत गेली १४, आणि २००३ नंतर ती म्युझियममध्ये. अमेरिकेतल्याच मिसिसिपीतला केम्पर वीज प्रोजेक्ट, कोळशाचा गॅस करून त्यातला कार्बन पकडायचा होता, केंद्राचं अनुदानही होतं, ३ अब्ज डॉलरच्या आतला अंदाज साडेसात अब्जांवर गेला आणि २०१७ मध्ये कोळशाचा भाग सोडून देऊन तो साधा नैसर्गिक गॅसवर चालवायला घेतला.

आणि हरलं की निदान बंद होतं, हेपण खरं नाही. मक्याचं इथेनॉल बघा. अमेरिकेत २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये मिसळायची सक्ती केली, आज तिथला एक तृतीयांशाहून जास्त मका त्यात जातो, पर्यावरणाला त्याचा खरंच किती फायदा यावर अजून शास्त्रज्ञ भांडतायत, पण मका पिकवणाऱ्या राज्यात मतं मागायला जाणारा कोणी हे बंद करतो म्हणेल? एकदा का सबसिडीवर जगणारी माणसं तयार झाली की ती सबसिडी वाचवायला मंत्रालयाच्या दारात ठाण मांडून बसतात, आणि ज्यांच्या खिशातून प्रत्येकी चार पैसे जातायत त्यांना पत्ताच नसतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

सोलिंड्रा ही अमेरिकेतली सोलर पॅनेल कंपनी तर सगळ्यांना माहीतच आहे, पण त्यातली खरी गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. २००९ मध्ये ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. त्यांचं पॅनेल चपटं नव्हतं, काचेच्या नळ्या होत्या आणि आत सिलिकॉन सोडून वेगळ्याच मटेरियलचा थर. सपाट छतावर नुसतं ठेवायचं, वारा नळ्यांमधून निघून जातो म्हणून छताला भोकं पाडून बांधायची गरज नाही, खालून परावर्तित होऊन येणारा उजेडपण वापरला जातो. हुशार डिझाइन होतं, नावं ठेवणार नाही. पण सगळा डाव एका गोष्टीवर, सिलिकॉन महाग राहील. २००८ ला ते प्रचंड महाग होतंच. नंतर जगभर सिलिकॉनचे कारखाने आले, भाव कोसळला, साधी चपटी पॅनेल स्वस्त झाली आणि नळ्यांना कोणी विचारेना. २०११ मध्ये दिवाळं.

इथपर्यंत ठीक आहे, धंद्यात होतं. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला कंपनी गटांगळ्या खात असताना खासगी गुंतवणूकदारांकडून अजून ७.५ कोटी आले आणि सरकारने अट मान्य केली की उद्या बुडालं तर आधी या नव्या पैशाची वसुली, मग जनतेची. हे वाचून माझं डोकं फिरलं होतं. खासगी बँक असल्या कागदावर सही करताना दहादा विचार करते कारण तिच्याच खिशातून जाणार असतात.

जुना_हिशेबनीस:

वरचे दोघं अभ्यासू दिसतात, मी आपला हिशेबाचा माणूस, फायलींच्या बाजूने सांगतो.

मी एका कंपनीत अकाउंट्सला असताना मशिनरीवरच्या भांडवली अनुदानाच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. कागदावर ठरलेलं असतं की मशीनच्या किमतीचे इतके टक्के सरकार देणार. म्हणजे काय, तर बिल जितकं मोठं तितकं अनुदान मोठं. मशीन विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे अनुदानवाल्या गिऱ्हाइकाला कोटेशनच वेगळं निघतं, घासाघीस करायला कोणाला उत्साह नसतो. मग बिलं, पैसे दिल्याचे बँकेचे दाखले, चार्टर्ड अकाउंटंटचा सही-शिक्का, मशीन बसवल्याचे फोटो, इन्स्पेक्शन. इन्स्पेक्शनच्या दिवशी मशीन चालू असलं की झालं! पुढच्या वर्षी ते चालतंय की ताडपत्रीखाली झाकलंय हे विचारायला कोणी येत नाही, कारण योजनेत तसं कलमच नाही. आणि पैसे कधी येतील ते देव जाणे, तोपर्यंत येणं म्हणून पुस्तकात दाखवायचं आणि बँकेचं व्याज भरत बसायचं. मोठ्या कंपन्यांना हे झेपतं, त्यांच्याकडे याच कामाला माणसं असतात, शिवाय टक्केवारीवर काम करणारे कन्सल्टंट. ज्याला खरंच दोन पैशांची गरज आहे तो छोटा कारखानदार तिसऱ्या फेरीत कंटाळून नाद सोडतो.

तेव्हा सबसिडी द्यावी की नाही या भांडणापेक्षा पैसे कशावर मोजून देता हे बघा. उभारणीवर दिलेत तर उभारणी होईल, वीज होईलच असं नाही. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकात नेमकं हेच झालं. पवनचक्की उभी केली की केंद्राची आणि राज्याची मिळून जवळपास निम्म्या खर्चाची टॅक्समध्ये सूट. ज्यांना वाऱ्याशी काही देणंघेणं नाही असे लोकही टॅक्स वाचवायला त्यात उतरले, वर्ष संपायच्या आत कशाबशा चक्क्या उभ्या करायच्या, कित्येक मॉडेल धड टेस्टसुद्धा केलेली नव्हती, मोडली की तशीच उभी. सूट संपली आणि बाजार झोपला. तिथे चक्क्या विकणाऱ्या डेन्मार्कच्या कंपन्यांनाही त्याचा फटका बसला, पण त्यांची मशिनं दणकट असल्यामुळे नाव टिकलं. १९९२ मध्ये अमेरिकेने पद्धतच बदलली, उभारणीवर काही नाही, तयार झालेल्या दर युनिटला दीड सेंट, पहिली दहा वर्षं. वीज नाही तर पैसे नाहीत. फोटो काढून कोणाला फसवता येत नाही, मीटर बोलतो.

त्यातही माती खाल्लीच म्हणा. ही सूट एक-दोन वर्षांच्या मुदतीने द्यायचे आणि संसदेत भांडत बसायचे. १९९९, २००१, २००३ अशी तीनदा ती संपू दिली आणि तिन्ही वेळा पुढच्या वर्षी नवीन पवनचक्क्यांचं काम धाडकन खाली आलं. कारखानदाराने माणसं ठेवायची की काढायची? सबसिडी कमी असली तरी चालेल, पण ती उद्या आहे की नाही हे तरी कळू द्या.

प्रश्नचिन्ह:

जबरी प्रतिसाद, सगळ्यांना धन्यवाद. हिशेबनीस काका, ताडपत्री डोळ्यासमोर आली एकदम.

पण मग एक बेसिक शंका. अजगर म्हणतात की कोळशाच्या धुराचा खर्च बिलात लागत नाही. मग तो लावा ना. कार्बन टॅक्स लावून मोकळं व्हायचं, सबसिडीच्या फायलीही नकोत आणि कोण जिंकणार ते मंत्र्यांनी ठरवायला नको, ज्याला जे परवडेल ते तो करेल. एवढं सरळ असताना कोणी करत का नाही?

आळशी_अजगर:

करतात की. स्वीडनमध्ये १९९१ पासून कार्बन टॅक्स आहे आणि आता तो टनाला १०० युरोच्या वर आहे, देश काही बुडाला नाही. ब्रिटनने २०१३ पासून वीजनिर्मितीत कार्बनला किमान किंमत लावली. २०१२ मध्ये तिथली ४० टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती, ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचा कोळसा प्लँट बंद झाला. म्हणजे टॅक्स चालतो, वादच नाही.

पण टॅक्स काय करतो तर हाताशी असलेल्या पर्यायांतला जो स्वस्त असेल तो उचलायला लावतो. ब्रिटनमध्ये कोळशाची जागा सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर गॅसने घेतली, कारण गॅसचे प्लँट तयारच होते. जी गोष्ट आज पाचपट महाग आहे ती टॅक्समुळे कोणी घेत नाही, तेवढा टॅक्स लावायची कोणाची छातीही नसते. १९९० साली तुम्ही कितीही शहाणा कार्बन टॅक्स लावला असता तरी सोलर कोणी घेतलं नसतं. त्यामुळे धुराला टॅक्स आणि शिकण्याला मदत, ही दोन वेगळी कामं आहेत.

आणि राजकारण आहेच. फ्रान्सने इंधनावरचा टॅक्स वाढवायला घेतला, २०१८ मध्ये पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले, सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. टॅक्स दिसतो, सबसिडी दिसत नाही, म्हणून सगळ्या पुढाऱ्यांना सबसिडी प्यारी.

बरं, मुक्तछंद यांना एक विचारायचंय. नव्या एनर्जीच्या सबसिडीवर एवढा राग, मग जुन्याचं काय? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबात २०२२ साली तेल, गॅस, कोळसा आणि त्यांची वीज लोकांना स्वस्तात मिळावी म्हणून जगभरच्या सरकारांनी १ लाख कोटी डॉलरच्या वर घातले. (नाणेनिधीचा ७ लाख कोटींचा आकडा फिरतो त्यात प्रदूषणाचं नुकसानपण धरलेलं असतं, तो आणि हा एकमेकांत मिसळू नका, नेहमी घोळ होतो.) अमेरिकेत अणुभट्टीत अपघात झाला तर कंपनीची भरपाई एका मर्यादेपर्यंतच, हा कायदा १९५७ पासून आहे. तीपण सबसिडीच, फक्त चेक फाडलेला दिसत नाही. इतका उतार आधीच एका बाजूला असताना 'मैदान सपाट ठेवा' म्हणायला काय जातंय.

मुक्तछंद:

माझा राग सगळ्याच सबसिडीवर आहे, जुन्यावर जास्तच. एक चूक चालू आहे म्हणून दुसरी करा हे लॉजिक मला नको, जुनी आधी बंद करा.

आणि धागाकर्त्याचा मूळ मुद्दा सगळे गोल फिरवतायत, नफा कोणाचा? ज्या सरकारी कर्ज खात्यातून सोलिंड्राला हमी मिळाली त्याच खात्यातून जानेवारी २०१० मध्ये टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज मिळालं. तेव्हा कंपनी मरणाच्या दारातून नुकतीच बाहेर आलेली. करारात सरकारला ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क होता, पण कर्ज लवकर फेडलं तर तो हक्क रद्द. मे २०१३ मध्ये शेअर चढल्यावर त्यांनी मुदतीच्या नऊ वर्षं आधी सगळं फेडून टाकलं, पेपरात कौतुक झालं, आणि सरकारच्या हातात काय तर मुद्दल आणि व्याज. पुढे त्या शेअरचं काय झालं ते जग जाणतं. हरलेल्याचा पूर्ण तोटा जनतेला आणि जिंकलेल्याचं नुसतं व्याज. कुठला गुंतवणूकदार असला करार करेल? दहातले आठ बुडणार हे गृहीत धरूनच तो उतरतो, पण उरलेल्या दोघांत त्याचा वाटा असतो.

आळशी_अजगर:

वाटा घेतला की सरकार मालक झालं, आणि मालक झाल्यावर ते कंपनीला बुडू देत नाही, आणि हरलेलं बंद होत नाही हे तर तुम्हीच पहिल्या प्रतिसादात लिहिलंय की.

मला त्यापेक्षा दक्षिण कोरियाची पद्धत आवडते. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारने पोलाद, जहाजं, केमिकल असल्या उद्योगांना भरमसाट स्वस्त कर्जं दिली, पण निर्यातीचं टार्गेट गाठलं तरच पुढची मदत. राष्ट्राध्यक्ष स्वतः दर महिन्याला निर्यातीची बैठक घ्यायचे. यातली हुशारी अशी की देशातले आकडे फुगवता येतात, अधिकाऱ्याला खूश ठेवता येतं, पण परदेशातलं गिऱ्हाईक तुमचा माल खराब असेल तर घेतच नाही. हुकूमशाही होती, कामगारांचे हाल झाले, ते सगळं आहेच, त्याची भलामण करत नाहीये. पण मदतीला अट कशी जोडावी हे तिथून शिकण्यासारखं आहे.

खिडकीपाशी:

वाचनमात्र होते, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून टंकते. हे पैसे नक्की कोणाच्या खिशातून जातात?

जर्मनीचं सगळे कौतुक करतात. तिथे सोलरच्या त्या हमीभावाचा खर्च सरकारी तिजोरीतून नाही, विजेच्या बिलात अधिभार म्हणून लावायचे. २०१४ मध्ये युनिटला ६.२४ सेंट होता. प्रचंड वीज वापरणाऱ्या बड्या कारखान्यांना त्यातून जवळपास माफी, नाहीतर ते देश सोडून जातील म्हणे. म्हणजे भरायचे कोणी? घरगुती ग्राहकांनी आणि छोट्या धंद्यांनी. आणि मिळायचे कोणाला? ज्याचं स्वतःचं छप्पर आहे आणि पॅनेल बसवायला हाताशी पैसे आहेत त्याला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी बाई दर महिन्याला बिलातून घरमालकाच्या पॅनेलचे पैसे भरत होती. २०२२ च्या जुलैपासून तो अधिभार बंद करून खर्च सरकारने उचलला, पण तोपर्यंत वीसेक वर्षं गेली होती.

त्यात पुन्हा कारखानेही टिकले नाहीत. क्यू-सेल्स एकेकाळी जगातली सगळ्यात मोठी सोलर सेल बनवणारी कंपनी होती, २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि कोरियाच्या हानव्हाने घेतली. आज पॅनेलच्या साखळीत जवळपास प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. जर्मन बिल भरणाऱ्यांनी अख्ख्या जगासाठी भाव खाली आणून दिला असं म्हणा. जगाच्या दृष्टीने उत्तम झालं, पण त्या भाडेकरूला कोणी विचारून केलं का? स्पेनने तर वेगळंच केलं, २००७ मध्ये एवढा चढा भाव जाहीर केला की पुढच्या वर्षी सोलरची झुंबड उडाली, पैसे पुरेनात, मग २०१० पासून आधी केलेल्या करारांचेच भाव कापायला घेतले. गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादात गेले ते अजून निस्तरतायत.

प्रश्नचिन्ह:

हे मला खरंच माहीत नव्हतं, बिलातून जातं तेव्हा कळतही नाही. मग आत्ताच्या गोष्टींचं बोला ना, हायड्रोजन, छोट्या अणुभट्ट्या वगैरे. यातलं काय शिकणारं आहे आणि काय नुसतं पैसे खाणारं?

आळशी_अजगर:

माझा ढोबळ नियम, जी वस्तू कारखान्यात लाखांनी बनते ती स्वस्त होत जाते. पॅनेल, बॅटरीचे सेल. लिथियम बॅटरी १९९१ मध्ये सोनीने कॅमेऱ्यासाठी बाजारात आणली तेव्हा गाडीचा विचारही कोणी करत नव्हतं, २०१० पासून तिचे भावही ९० टक्क्यांच्या आसपास उतरलेत. जी गोष्ट प्रत्येक साइटवर नव्याने बांधावी लागते ती शिकत नाही, प्रत्येक वेळी नवं कंत्राट, नवा घोळ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या व्होगल अणुप्रकल्पाचा अंदाज १४ अब्ज डॉलरचा, पूर्ण होईपर्यंत ३० अब्जांच्या वर गेला, त्यातल्या १२ अब्ज कर्जाला सरकारी हमी.

छोट्या भट्ट्यांची आयडिया हीच आहे की कारखान्यात बनवा म्हणजे शिकता येईल. पण पहिली दहा-वीस कोण घेणार? अमेरिकेतल्या नुस्केल कंपनीचा छोट्या भट्ट्यांचा प्रोजेक्ट बघा, हजार युनिट वीज ५८ डॉलरला मिळेल म्हणाले होते, मग ८९ म्हणाले, वीज घेणारी गावं मागे सरली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सगळं गुंडाळलं. हायड्रोजनमध्ये मी इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) पैसे देईन, ते कारखान्यात बनतात. पण हायड्रोजन कुठे वापरायचा ते आधी ठरवा. खत आणि पोलादाला तो लागतो, घर गरम करायला त्यावर पैसे घालणं मला उधळपट्टी वाटते.

मुक्तछंद:

फ्रान्स? त्यांनी १९७४ नंतर एकसारख्या डिझाइनच्या भट्ट्या ओळीने बांधल्या आणि दोन-तृतीयांश वीज त्यावर आणली. साइटवर बांधलेलंच होतं ते. तुमच्या ढोबळ नियमाला भलंमोठं भोक आहे.

आळशी_अजगर:

सरकारी कंपनी, सरकारी पैसा, एकच गिऱ्हाईक. हे उदाहरण तुम्ही द्यावं म्हणजे कमाल आहे :)

जुना_हिशेबनीस:

हाहा. भांडा भांडा.

मघाशी कोणीतरी नफ्यात वाटा म्हणालं ना, त्याचा एक बरा मार्ग ब्रिटनमध्ये आहे. लिलाव करायचा, सगळ्यात कमी भाव मागेल त्याला कित्येक वर्षांचा करार (२०२४ पर्यंतच्या लिलावांत पंधरा वर्षांचा). समजा ठरलेला भाव हजार युनिटला ६० पौंड. बाजारात वीज ४० ला गेली तर वरचे २० त्याला मिळणार, १५० ला गेली तर ९० त्याने परत करायचे. हिशेब दोन्ही बाजूंनी. आणि हे नुसतं कागदावर नाही, २०२२ मध्ये गॅस भडकला तेव्हा कंपन्यांनी खरोखर पैसे परत केले. समुद्रातल्या पवनचक्क्यांचे सुरुवातीचे करार १५० पौंडांच्या आसपास होते, २०२२ च्या लिलावात ३७.३५ पर्यंत आले, दोन्ही आकडे २०१२ च्या किमतीत. हा उतार कुठल्या मंत्र्याने ठरवला नाही, कंपन्यांच्या आपापसातल्या चढाओढीने आला. बुडाले तर कोणाला धरायचं याचंही उत्तर यात आहे, चक्की फिरलीच नाही तर सरकारचा दमडाही जात नाही, बुडतो तो बांधणारा.

मुक्तछंद:

पुढचं का नाही सांगितलंत काका? २०२३ च्या लिलावात समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी एकही बोली आली नाही. सरकारने कमाल भाव ४४ ठेवला होता, तो पुढच्या फेरीला ७३ केला आणि लगेच बोली आल्या. सगळ्यांनी मिळून हात आखडता घेतला की सरकार वाकतं, हे कंपन्यांना कळलं.

जुना_हिशेबनीस:

सांगणारच होतो. त्या काळात पोलादही महागलं होतं आणि व्याजदर कुठल्या कुठे गेले होते. असल्या प्रोजेक्टचा बहुतेक सगळा खर्च पहिल्याच दिवशी कर्ज काढून होतो, त्यामुळे व्याज दोन-तीन टक्के वाढलं की जुन्या भावात बसतच नाही. मी त्यांच्या अकाउंट्सला असतो तर मीपण बोली लावू नका म्हणालो असतो. आणि ७३ हा कमाल भाव होता, २०२४ च्या लिलावात करार त्याच्या बरेच खाली झाले, नवे प्रोजेक्ट ५९ च्या आसपास. तुम्ही मंत्री असतात तर भाव न वाढवता काय केलं असतं ते सांगा.

मुक्तछंद:

एक वर्ष थांबलो असतो. व्याजदर उतरू दिले असते.

खिडकीपाशी:

त्या वर्षात वीज कशावर करायची होती? गॅसवर? त्याचंही बिल ती भाडेकरूच भरणार ना.